नुसतं ऐकत बसायची वीज

९ नोव्हेंबर

चि. खुडबुड हिला मावशीचे भरभरून आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. इथे टेबल नाही, मांडीवर उशी आणि उशीवर वही ठेवून लिहितेय, त्यामुळे ओळी उतरणीला लागल्यात. थोडं काम निघालं म्हणून खाली मोठ्या रुग्णालयात आले आहे. आठवडाभर तरी इथेच. पोस्ट समोरच आहे, तेव्हा म्हटलं पत्र टाकून घ्यावं. फोनही करता आला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तुझ्या कामातलं एक विचारायचंय. आमच्या खिंडीतल्या आरोग्य केंद्राला वायरलेस आहे, हे तुला ठाऊक आहे. वर फोन लागत नाही, तार नाही, तेव्हा जगाशी तेवढाच धागा. तो चोवीस तास चालू ठेवावा लागतो, कारण वरच्या चार वस्त्यांवरून कोण कधी हाक मारील याचा नेम नसतो. छतावर सौर पट्टी, खाली बॅटरी, आणि बॅटरी नि वायरलेस यांच्यामध्ये एक काळा डबा. ऊन असलं की सगळं झकास. पण धुकं उतरलं की तिसऱ्या दिवशी वायरलेस मान टाकतो. बोललो नाही, बडबड केली नाही, नुसता ऐकत बसला होता, तरी मेला! भांडारातले बाबू म्हणतात बॅटरी खराब. दोनदा बदलून झाली. मला पटत नाही. तो डबा सदा कोमट असतो, आमची मांजर त्याच्यावरच झोपते. आता तू सांग, जो काहीच करत नाही तो गरम कशाला होईल?

गेल्या महिन्यात असाच तिसऱ्या दिवशी बंद पडला आणि एका पेशंटला दारावर आडवं घालून पायी खाली न्यावं लागलं. गाडीने पन्नास मिनिटं, पायी पाच तास. पेशंट वाचला. पण दर वेळी वाचेलच असं नाही, म्हणून विचारतेय.

जेवत जा वेळेवर.

तुझी मावशी

*

१७ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

पत्र मिळालं आणि आधी तुझ्या मांजरीला सलाम केला. बाबूंपेक्षा तिला जास्त कळतं. डबा रिकामपणी कोमट राहतो म्हणजे तो वीज खातोय, आणि नुसती स्वतःसाठी खातोय.

पण अंदाजाने बोलायची मला भीती वाटते, म्हणून एक मीटर पाठवतेय. लाल-काळ्या वायरींना कुठे लावायचा त्याचं चित्र काढून दिलंय. तू लोकांच्या नाड्या मोजतेस, ही डब्याची नाडी समज. दोन ठिकाणी मोजायचं : डबा बॅटरीकडून किती घेतो आणि वायरलेसला किती देतो. एकदा वायरलेस नुसता ऐकत असताना आणि एकदा तू बोलत असताना. घाई नको. दिवसा दर दोन तासांनी, दोन दिवस. आणि डब्याच्या पाठीवर पाटी असेल, तिच्यावरचा नंबर उतरवून पाठव.

तो पेशंट कोण होता? दारावर घालून पाच तास म्हणजे काय हाल झाले असतील! आता कसा आहे?

तुझं खाली कसलं काम निघालं ते लिहिलं नाहीस. ट्रेनिंग का? या वयात तुला अजून ट्रेनिंगला बोलावतात म्हणजे कमाल आहे.

तुझी खुडबुड

*

४ डिसेंबर

चि. खुडबुड,

वर परत आले. मीटर सुखरूप पोचला. सोबत कागद जोडलाय, बारा वेळचे आकडे आहेत, प्रत्येकासमोर वेळ. पहिला आकडा खोडलाय कारण वायरी उलट्या लागल्या होत्या. तुझं चित्र बरोबर होतं, माझा चष्मा कपाटात होता. पाटीवरचा नंबरही त्याच कागदावर तळाशी आहे.

डब्याचं झाकण उघडून पाहिलं. रागावू नकोस, आधी बॅटरीची वायर काढली होती. ज्याने केलाय त्याने मन लावून केलाय बघ. सगळे जोड चकचकीत, वायरी वेणी घातल्यासारख्या. असं काम करणारा माणूस निष्काळजी नसतो. त्याच्यापर्यंत आमचं धुकं पोचलं नसेल, एवढंच.

पेशंट आता ठणठणीत. पायऱ्या चढते, ओझं तेवढं उचलायचं नाही असं सांगितलंय.

मास्तरीणबाई तुला नमस्कार सांगतात. आकडे घेताना त्या घड्याळ धरून बसायच्या आणि मी एक मिनिट उशीर केला तरी ओरडायच्या. शाळेतली मुलं कशी सरळ होतात ते कळलं.

मावशी

*

२९ डिसेंबर

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. कामाचं निमित्त सांगणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलायला गेले की माझं नाक खाजतं.

तो डबा माझा आहे, मावशी. पाटीवरचा नंबर वाचला आणि खाली बसले. या कंपनीत आल्यावर मी एकटीने केलेला पहिला पॉवर सप्लाय. त्याची कार्यक्षमता एक्क्याण्णव टक्के आहे असं मी वर्षभर लोकांना सांगत फिरले. ते खोटं नाही. तुझ्याच आकड्यांप्रमाणे, तू बोलत असतेस तेव्हा तो चव्वेचाळीस वॅट घेतो आणि चाळीस देतो. पण वायरलेस नुसता ऐकत बसतो तेव्हा त्याला हवे असतात दीड वॅट, आणि ते दीड द्यायला माझा डबा घेतो पाच. शंभरातले तीसच पोचतात. आणि दिवसातली दहा मिनिटं सोडली तर तुझा वायरलेस ऐकतच असतो! मी मोजलं फक्त बोलणं. ऐकणं कुणी मोजलंच नाही.

असं का होतं ते सांगते. हा डबा वीज सेकंदाला एक लाख वेळा चालू-बंद करून हवी तेवढी पुढे सोडतो. प्रत्येक वेळी थोडी वीज त्या उघडझापीतच जाते. काम मोठं असलं की ते जाणवत नाही. पण काम चिमूटभर असलं तरी माझा डबा लाख वेळाच उघडझाप करतो. पाहुणा एक आणि चूल पेटवलीय शंभर पानांची. वर आणखी एक शहाणपण : मागणी फार कमी झाली की व्होल्टेज चढायचं, म्हणून मी एक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवला, नुसती वीज पिऊन ऊब देणारा. तुझी मांजर त्याच्यावर झोपते.

तू लिहिलंस की असं काम करणारा माणूस निष्काळजी नसतो. ते वाक्य वाचून जेवले नाही. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "एक्क्याण्णव टक्के छापलेत ना? तक्रार एका केंद्राची, बॅटरी बघा." मी तुझ्या आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग विचारलं, "हे मोजलं कुणी?" म्हटलं, नर्सने. "आपल्याकडे एवढं नीट कोण मोजतं?" म्हणाले आणि मला तीन आठवडे दिले.

पेटीत नवा डबा आहे. तो काम कमी असलं की चार ठोके देतो आणि गप्प बसतो, व्होल्टेज जरा उतरलं की पुन्हा चार. रेझिस्टर काढून टाकला. ट्रान्सफॉर्मर आमच्या वाइंडर काकांनी गुंडाळलाय. ते गेली अडतीस वर्षं एकाच स्टुलावर बसून तार गुंडाळतात आणि वेढे मोजताना कुणी बोललं की पहिल्यापासून सुरू करतात. चार स्क्रू, चार वायरी, रंगाला रंग जोड.

मला माफ कर. आणि तुझे आकडे नसते तर मी आजही मिरवत फिरत असते, त्याबद्दल तुझे उपकार कसे फेडू कळत नाही.

खुडबुड

*

२० जानेवारी

चि. खुडबुड,

आधी महत्त्वाचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोन तान्ह्या बाळांच्या पायातल्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या होत्या. अर्ध्या तासात लक्षात आलं. मोठ्या सिस्टरसमोर रडत उभी राहिले. त्या म्हणाल्या, "रडू नकोस. आता तू जन्मभर दोनदा वाचशील." बस, एवढंच. माझ्याकडून त्यांचे आभार मानायचे राहिले, त्या गेल्या. म्हणून तेच वाक्य तुला देते. आता तू जन्मभर ऐकणंसुद्धा मोजशील. माफीचा विषय संपला. जेवायला लाग.

आता डब्याचं. बसवला. गार! मांजरीने वास घेतला, माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि औषधाच्या कपाटावर मुक्काम हलवला. चार दिवस धुकं होतं, वायरलेस जागा राहिला. मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

पण दोन खोड्या आहेत. एक, आवाजामागे सतत कुरकुर येते, उंदीर कागद कुरतडतो तशी. जवळची माणसं ऐकू येतात, लांबच्या वस्तीवरचा बारीक आवाज तिच्यात बुडतो. आणि दुसरी खोडी ऐक. बटण दाबलं की माझा पहिला शब्द गायब होतो. परवा खालून डॉक्टरांनी विचारलं, पाय मुरगळलेल्या बाईसाठी गाडी पाठवू का? मी म्हटलं, "नको गाडी!" त्यांना ऐकू आलं, "गाडी!"

पन्नास मिनिटांत डॉक्टर स्वतः दारात, हातात ऑक्सिजनची नळी, आणि ती बाई अंगणात कपडे वाळत घालतेय. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. चहा पाजला. आलेच आहात तर म्हणून तिघांना तपासून घेतलं. जाताना हसत होते. डब्याची सगळी हकिकत त्यांनी उभ्या उभ्या विचारून घेतली आणि तुमच्या कंपनीचा पत्ताही.

मावशी

*

१५ फेब्रुवारी

मावशी,

आज 'प्रिय' लिहीत नाही. रागावले आहे.

तुमच्या डॉक्टरांचं पत्र कंपनीत आलं. साहेबांनी मला बोलावून माझ्यासमोर मोठ्यांदा वाचलं. नव्या डब्याची खोडी, पण धुक्यात टिकतो ही मोठी गोष्ट, सुधारून द्यावा, सगळ्या केंद्रांना हवा आहे, असं सगळं चांगलंच. आणि मग हे वाक्य : "ज्या सिस्टरना ऑक्टोबरात आम्ही शस्त्रक्रियेच्या टेबलावर जेमतेम वेळेत घेतलं, त्या स्वतः हे आकडे मोजत आहेत."

साहेब पुढे वाचत राहिले. मला काही ऐकू आलं नाही.

मांडीवर उशी ठेवून! ट्रेनिंग का, असं मी विचारलं! आणि तू लिहिलंस, पेशंट पायऱ्या चढते. चढते! 'चढतो' नाही, 'चढते' हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी आकड्यांकडे बघत होते.

काय झालं होतं ते सगळं लिही. काही गाळू नकोस. दारावर घालून कोणी नेलं तुला? मला त्या सगळ्यांना पत्र लिहायचंय.

पेटीत दुसरा डबा आहे. कुरकुर यायची कारण माझे ठोके नेमके कानाला ऐकू येतील अशा वेगाने पडत होते. आता ते लहान आणि जलद केलेत, आणि वाटेत एक गाळणी बसवलीय. काकांनी ट्रान्सफॉर्मर वार्निशात बुडवून दोन दिवस वाळवला, म्हणजे तो स्वतःही कुजबुजणार नाही. पहिला शब्द जायचा कारण पेंगणाऱ्या डब्याला जाग यायला अर्धा सेकंद लागायचा. म्हणून एक पिवळी वायर वाढवलीय, ती बोलायच्या बटणाला जोड. बटण दाबलं की आधी डब्याला सांगावा जाईल, तो उठून बसेल, मग वायरलेस बोलायला लागेल. तुझा 'नको' आता खालपर्यंत पोचेल.

माझ्या हिशेबाने ऊन अजिबात नसेल तरी पावणेतीन दिवसांऐवजी सात दिवस निघावेत. पण माझ्या हिशेबावर विसंबू नकोस. मोज.

खुडबुड

*

१० मार्च

चि. खुडबुड,

राग बरोबर आहे. आता ऐक.

त्या सकाळी पोटात उजवीकडे कळ आली. दुपारपर्यंत मला कळलं होतं की हे अपेंडिक्स आहे. दुसऱ्याच्या पोटावर हात ठेवून मी हे शंभर वेळा ओळखलंय, आपल्या पोटावर ठेवला तर हात खोटं बोलेल का? वायरलेसचं बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग मी शांतपणे खुर्चीत बसले आणि मास्तरीणबाईंना हाक मारली.

त्यांनी शाळा सोडली. गवंडी दादा केंद्राची मागची भिंत दुरुस्त करत होते, त्यांनी तपासणीच्या खोलीचं दार बिजागरीतून उचकटलं. दोघे मेंढपाळ भाऊ, गवंडी दादा आणि टपालवाला, असे चार खांदे. मास्तरीणबाई पुढे कंदील घेऊन, कारण दिवसाढवळ्या चार पावलांवरचं दिसत नव्हतं. पाच तासांत त्यांनी मला एकदाही जमिनीला टेकू दिलं नाही. थांबायचं झालं तर गुडघ्यावर दार पेलायचे. धाकटा मेंढपाळ सगळी वाट मला मेंढ्यांची नावं सांगत होता, मी झोपू नये म्हणून. ऐंशी मेंढ्या आहेत त्यांच्या. मला सगळ्या पाठ झाल्या. बाकीचं डॉक्टरांनी लिहिलंच आहे.

आता गाळू नकोस म्हणालीस, म्हणून तेही सांगते. डबा तुझा आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुझा पहिला डबा पास झाला तेव्हा तू पत्रात त्याचा नंबर तीनदा लिहिला होतास, लोक बाळाचं वजन सांगतात तसा. वायरलेस बसवायला आले तेव्हा मी पाटी वाचली आणि सगळ्या केंद्राला सांगितलं, हा आमच्या पोरीने केलाय. त्या दिवशी तो बंद पडला तेव्हा कळेपेक्षा मला जास्त काय लागलं असेल, तर हे की आता हिला कळलं तर ही मोडून पडेल. म्हणून पेशंटची गोष्ट झाकली. पण डब्याची झाकता येईना. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर त्याने डबा फेकून दुसरा आणला असता. तू दुरुस्त करशील हे मला ठाऊक होतं. लहानपणी केंद्राचं घड्याळ उघडून बसली होतीस, आठवतं? तीन दिवस बंद होतं. पण चौथ्या दिवशी चाललं.

पिवळी वायर जोडली. कुरकुर गेली. शब्द पुरा पोचतो. धुकं उतरायला लागलंय, मोजतेय.

मावशी

*

२ एप्रिल

चि. खुडबुड,

धुक्याचा सहावा दिवस होता. सलग सहा दिवस सूर्य दिसला नव्हता, केंद्राच्या पायरीवरून फाटक दिसत नव्हतं. त्या सकाळी दहाच्या सुमाराला खिंडीत अडकलेला एक मालट्रकवाला छातीवर मूठ दाबत चालत आला. घामाने निथळत होता. म्हणाला, "बाई, जरा पाणी द्या, जातो लगेच." मी म्हटलं, "तू कुठे जात नाहीस."

बटण दाबलं. दिवा लागला.

धुक्यामुळे गाडीला पन्नास मिनिटांचे दोन तास लागले. त्या दोन तासांत डॉक्टर वायरलेसवर होते. कुठली गोळी चघळायला द्यायची, किती इंजेक्शन, नाडी दर पाच मिनिटांनी सांगा. मध्ये एकदा नाडी हाताला लागेना. मी सांगितलं, ते म्हणाले, पुन्हा बघा, घाई करू नका. त्यांचा आवाज इतका स्वच्छ येत होता की ते मागे उभे आहेत असं वाटून मी वळून पाहिलं. नाडी लागली.

गाडी आली, त्याला घेऊन गेली. काल खालून निरोप आला, उठून बसलाय, चहा मागतोय आणि ट्रक कुठे लावलाय म्हणून भांडतोय.

जाताना स्ट्रेचरवरून मला विचारत होता, "आभार कुणाचे मानू?" मी म्हटलं, "आधी तोंडातली गोळी संपव." पण प्रश्न माझ्याकडे राहिला, म्हणून हे पत्र. तुला, तुझ्या साहेबांना, ज्यांनी तार मोजून गुंडाळली त्या काकांना, वायरींचे जोड झाळणाऱ्या हातांना, ज्याने पेटीत कापूस नीट भरला त्याला, सगळ्यांना सांग. खिंडीतलं केंद्र तुमचं आभारी आहे. ट्रकवाल्याच्या घरी कोण कोण आहे मला माहीत नाही, पण त्यांच्या वतीनेही मीच लिहिते.

आठव्या दिवशी ऊन आलं. तोवर वायरलेस जागा होता. तुझा हिशेब बरोबर निघाला, कागद जोडलाय.

मावशी

*

१४ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र पाच दिवसांपूर्वी दुपारी आलं. एकटीने वाचायचं धाडस होईना म्हणून काम थांबवून सगळ्यांसमोरच वाचलं. "नाडी हाताला लागेना"पाशी मी कागद आमच्या झाळकाम करणाऱ्या ताईंच्या हातात दिला. पुढचं त्यांनी वाचलं.

संध्याकाळी साहेबांनी माहितीपत्रकाचा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला. एक्क्याण्णव टक्क्यांच्या खाली आता दुसरी ओळ आहे : मागणी अगदी कमी असताना, पंच्याऐंशी. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलीय. सगळ्या केंद्रांचे डबे बदलायचं ठरलंय, जुने परत मागवून. पहिली खेप पुढच्या महिन्यात निघते. त्या गाडीबरोबर मी वर येणार आहे. गवंडी दादांना, टपालवाल्यांना, मास्तरीणबाईंना सांगून ठेव, आणि त्या धाकट्या मेंढपाळाला सांग, मलाही ऐंशी नावं ऐकायचीत.

आता एक अडचण. तुझं पत्र वाचून झालं तरी वाइंडर काका जागचे उठेनात. मग म्हणाले, "अडतीस वर्षं तार गुंडाळतोय. कुठे जाते ते आज कळलं." जरा वेळाने जवळ आले आणि हळूच विचारलं, "हे घरी नेऊ का? बायकोला वाचून दाखवतो. तिला वाटतं मी दिवसभर रीळ फिरवतो." मी दिलं. दुसऱ्या दिवशी आणतो म्हणाले होते. आज पाचवा दिवस. काल कळलं, त्यांनी ते चौकटीत घालून भिंतीवर लावलंय. परत मागायचं माझ्याच्याने होत नाही.

तेव्हा मावशी, तुझं पत्र माझ्याकडे नाही. मला एक वेगळं लिही.

तुझी खुडबुड